हापसा ऐकायला शिकवणाऱ्या तात्यांना

आदरणीय तात्या,
सा. न. वि. वि.

तुमची नात हे फोनवर वाचून दाखवेल, म्हणून चारचौघांत लिहितोय. तोंडावर आभार मानले असते तर "चहा टाकतो" म्हणत तुम्ही उठून गेला असता.

परवा पहाटे ठाण्याहून विमानतळ, तिथून युगांडा. सहा आठवडे तिथल्या मेकॅनिकांना हातपंपाची दुरुस्ती शिकवायची, बिनपगारी. निवृत्त झाल्यावर हौसेने अर्ज भरला तेव्हा अनुभवाच्या रकान्यात 'इंडिया मार्क टू हातपंप, ३१ वर्षे' असं ठोकून दिलं. खोटं नव्हतं. पण त्या ३१ वर्षांत मी हापशांच्या फायली उघडल्या, हापसा एकदाही नाही.

मग तुम्ही आठवलात. लाजही वाटली, कारण हापसे दुरुस्त करायला पाड्यापाड्यांवर जाणाऱ्या तुमच्या प्रवासभत्त्याच्या बिलावर 'एवढ्या फेऱ्या का?' असा शेरा मारणारा मीच. कसारा लोकलने आसनगाव आणि पुढे टमटमने पाड्यावर पोचलो तेव्हा तो विषय तुम्ही काढाल म्हणून मनात उत्तरं जुळवत होतो. तुम्ही फक्त हातात पाना दिलात. "साहेब, शर्ट बदला."

आठ रविवार झाले. तीन-तीन मीटरचे लोखंडी पाइप क्लॅम्प लावून वर ओढताना दुसऱ्याच पाइपाला माझा दम गेला. एवढ्या फेऱ्या का, ते तेव्हा कळलं. मार्क टूनंतर आलेल्या मार्क थ्रीचा पाइप रुंद ठेवलाय, पाइप न काढता रॉडबरोबर आतला दट्ट्या वर येतो, हे मला तोंडपाठ होतं. असं का करावं लागलं, ते खांद्यांना त्या दिवशी समजलं.

पीतज्वराची लस निघण्याच्या निदान १० दिवस आधी घ्यावी लागते. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर परतताना आपलेच लोक सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस घेतल्यावरच्या रविवारी माझं अंग कसकसत होतं. तुम्ही कशालाही हात लावू दिला नाहीत. शाळेजवळच्या हापशापाशी मला बसवलंत आणि पाणी भरायला आलेल्या बायकांकडे बोट दाखवलंत, "नुसतं ऐका." बऱ्याच हेलकाव्यांनंतर पाणी आलं तर खालचा व्हॉल्व्ह गळतोय. धार बारीक झाली तर वॉशर घासलेत. दांडा एकदम हलका लागला तर रॉड सुटलाय. तीन तास बसलो होतो. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईला पाणी देणारी धरणं तुमच्याच तालुक्यात, आणि त्या बायका एका हंड्यासाठी रांगेत. आमच्या इमारतीत मात्र नळ उघडला की पाणी. यावर तुम्ही काही बोलला नाहीत, मीही नाही.

सुटे भाग किती नेऊ, असं मी विचारलं तेव्हा तुमचा उलटा प्रश्न आला, "तिथलं पाणी कसंय?" मला माहीत नव्हतं. चौकशी केली. तिथे बऱ्याच ठिकाणी भूजल जरा आम्लधर्मी आहे, जस्त चढवलेले पाइपही गंजतात, पाणी तांबूस येतं आणि लोक त्या विहिरी सोडून देतात. म्हणजे मी वॉशरची पिशवी घेऊन गेलो असतो आणि रोग पाइपात निघाला असता. आता शिकवण्याच्या आराखड्यात पहिला धडा तोच घातलाय.

मार्क टूची मुळं जालना आणि सोलापूरच्या पंपांत आहेत, युनिसेफच्या मदतीने १९७०च्या दशकात तो घडला आणि युगांडात त्याच्याच जातीच्या पंपांना यू-टू, यू-थ्री म्हणतात, हे मी तुम्हाला ऐटीत सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "मग आपल्याच घरचा की. भाषा तेवढी वेगळी." तिथल्या लुगांडा भाषेत पाण्याला 'अमाझ्झी' म्हणतात आणि 'वेबाले न्यो' म्हणजे फार आभारी आहे. तुमच्यासाठी पाठ केलंय, पण उच्चाराची खात्री नाही.

तुम्ही दिलेला जुना पाना चेक-इनच्या बॅगेत ठेवलाय. त्याच्यापायी सौ.च्या भाजणीच्या दोन पिशव्या बाहेर निघाल्या. त्याबद्दल घरी मला जे ऐकावं लागलं, ते आल्यावर सांगेन.

आणि हो, परवा निघताना शाळेजवळचा हापसा खडखडत होता. बेअरिंग वाटलं मला. त्या नव्या पोराला एकदा खोलून बघायला सांगा. साखळी घासत असेल तर माझं चुकलं.

तुमचा,
शर्ट बदललेला साहेब