मधुमेहींच्या विसराळूपणाची दखल गोळ्यांच्या पाकिटापासून घ्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

आशाताई घरोघरी भरतात त्या असंसर्गजन्य आजारांच्या फॉर्ममध्ये साठीपुढच्यांना विचारतात, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? मधुमेह्याच्या बाबतीत तोवर बराच उशीर झालेला असतो.

टाइप टू मधुमेहात मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, मेंदू वयाच्या मानाने जास्त आकसतो. नावं-पत्ते बहुतेकदा शाबूत राहतात. आधी मंदावतो तो हिशेब, कामांचा क्रम, दोन गोष्टी एकदम ध्यानात ठेवणं. माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. जन्मभर किराणा दुकान चालवलेले काका काउंटरवर सुट्टे पैसे दोनदा मोजतात आणि शेवटी पैशांचं पाकीटच माझ्यापुढे धरतात. महिन्याच्या गोळ्या वीस दिवसांत संपवून पुन्हा मागतात. घरचे म्हणतात, ‘वय झालं आता.’

त्या गोळ्या ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या औषधाच्या असल्या की मला धडकी भरते. सकाळची घेतली हे विसरून पुन्हा घेतली, तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, बडबड, कधी बेशुद्धी. साखर अशी धोकादायक पातळीपर्यंत उतरलेल्यांत पुढे डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, प्रमाण जास्त आढळतं. आणि विसर वाढला की गोळ्यांचा घोळ आणखी वाढतो.

आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. त्यांना डिमेन्शियाचा धोका इतरांच्या साधारण दीडपट.

तेव्हा सरकारी दवाखान्यांतल्या एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) क्लिनिकमध्ये साठीपुढच्या प्रत्येक मधुमेह्याची वर्षातून एकदा स्मरणशक्तीची चाचणी व्हावी. कागद, पेन आणि दहा मिनिटं पुरतात. मशीन नको, टेंडर नको. (म्हणूनच मागे पडत असावं.) आशाताईंनीही पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजाव्यात, अर्थात या कामाचा वेगळा मोबदला घेऊन. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ जीवनसत्त्व घटू शकतं, ते तपासा. ते कमी झाल्याने आलेला विसर वेळीच उपचार केल्यास सुधारू शकतो.

चाचणीत कमी पडलेल्याची साखर आणखी कसून खाली आणणं हा उपाय नव्हे. अ‍ॅकॉर्ड-माइंड या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात तसं करून स्मरणशक्ती वाचली नाही, हे २०११ मध्येच छापून आलंय. अशा रुग्णाचं साखरेचं लक्ष्य थोडं सैल करावं, साखर फार उतरवणारं औषध बदलावं आणि गोळ्या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्याव्यात, एवढ्या लेखी सूचना प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला जाव्यात.

आपला,
एक औषधविक्रेता