आंधळी भक्ती? मान्य, पण कोणाची?

महोदय,

फँटसी खेळांच्या नादी लागलेल्यांना ‘आंधळे भक्त’ म्हणणारे पत्र आपल्या सदरात वाचले. लिहिणाऱ्याने ते टोमणा म्हणून लिहिले आहे, पण मला ते वर्णन चपखल वाटले. मी आठ वर्षे फँटसी प्रीमियर लीग खेळतो आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खऱ्या फुटबॉलपटूंचा काल्पनिक संघ बांधायचा आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मिळवायचे, असा हा खेळ. पैसे लावून खेळायच्या प्रकारांबद्दल मी बोलत नाही. ते सरळसरळ घातक आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला हा नुसता हिशोब वाटेल. १० कोटी पौंडांची काल्पनिक थैली, त्यात १५ खेळाडू बसवायचे, एका क्लबचे तीनहून जास्त नाहीत. कर्णधाराचे गुण दुप्पट. फेरीतल्या पहिल्या सामन्याआधी ९० मिनिटे संघाला कुलूप लागते. मग यात श्रद्धा शिरते कुठून?

मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिले होते. त्यांनी पाहिले, की किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यात मासे धरताना तिथले लोक मंत्रतंत्राच्या वाटेला जात नाहीत. खुल्या समुद्रात, जिथे जिवाचीही खात्री नाही आणि माशांचीही, तिथे निघताना मात्र विधी साग्रसंगीत होतात. आमचेही तसेच आहे. चौदा जण निवडणे हे उथळ पाणी. अभ्यास केला की जमते. कर्णधार निवडणे हा खुला समुद्र. माझा नेम ठरलेला आहे: कर्णधार एकदा ठरला की फोन पालथा ठेवायचा आणि कुलूप लागेपर्यंत हात लावायचा नाही. शेवटच्या घटकेला बदललेला कर्णधार फसतो, अशी माझी पक्की धारणा आहे. किती वेळा फसला हे मी कधी मोजलेले नाही, आणि मोजावेसेही वाटत नाही. याला श्रद्धा नाही तर काय म्हणायचे?

त्यामुळे ‘भक्त’ या शब्दाचा मला राग नाही. मला सलते ते वेगळेच. दोन वर्षांपूर्वी माझा कर्णधार बाविसाव्या मिनिटाला गुडघा धरून कोसळला. तो तळहाताने गवत बडवत होता. त्याच्याच संघातल्या एकाने तोंड फिरवले. आणि माझ्या मनात आले, साठ मिनिटे भरली नाहीत, म्हणजे एकच गुण, दुप्पट करून दोन. स्ट्रेचर यायच्या आत माझा हिशोब झाला होता. आमच्या गटात लगेच पाच जणांनी रडके चेहरे पाठवले. ते माझ्यासाठी होते, त्याच्यासाठी एकही नव्हता.

भक्ताला देवाची काळजी वाटते. त्याला ऊन लागेल, थंडी वाजेल म्हणून त्याचा जीव तुटतो. आमच्या भक्तीत ही काळजीच उरलेली नाही, आणि टीका करायचीच तर पत्रलेखकाने यावर करायला हवी होती. लहानपणापासून ज्या क्लबवर जीव टाकला, त्याने गोल करू नये असेही मला वाटून गेले आहे, कारण समोरच्या संघातला बचावपटू माझा होता आणि गोल न खाल्ल्याचे चार गुण पणाला लागले होते.

त्या जखमी खेळाडूला मी त्याच आठवड्यात काढून दुसरा घेतला. तो जवळजवळ वर्षभराने मैदानात उतरला, तेव्हा माझ्या संघात नव्हता. तरी मी सामना लावला. त्याने पहिला चेंडू त्याच पायावर घेतला आणि मी घरात एकटाच टाळ्या वाजवत उभा राहिलो.

आपला,
एक नियमित वाचक