साहेब न म्हणताही प्रश्न विचारता येतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी नौपाड्यात राहते. मुलगी जर्मन शिकतेय, त्यामुळे गेले काही महिने आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला जर्मन राजकारण्यांच्या मुलाखती चालू असतात, मधेमधे ती बीबीसीच्या पण लावते. मला जर्मन येत नाही, ती व्हिडिओ थांबवून थांबवून सांगते. पण ऐकता ऐकता काही गोष्टी अशा लक्षात आल्या की लिहिल्याशिवाय राहवेना.

इंग्रजीत 'नाही' वाक्याच्या सुरुवातीलाच येऊन जातं, म्हणून मुलाखत घेणारा लगेच मध्ये तोडू शकतो. जर्मनमध्ये मुख्य क्रियापद बऱ्याचदा पार शेवटी येतं, आपल्यासारखंच. "त्या फाइलवर सही मी केलेली" इथपर्यंत ऐकलं तरी पुढे 'आहे' येणार की 'नाही' ते कळत नाही ना, तसंच. मग वाक्य पूर्ण ऐकूनच घ्यावं लागतं आणि संपलं की तिथेच धरावं लागतं. आपल्या चॅनेलवर पहिला अर्धा भाग होतो, धरायचं मात्र राहून जातं.

धरणं म्हणजे काय ते १९९७ च्या बीबीसीच्या मुलाखतीत दिसतं. जेरेमी पॅक्समननी ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकल हॉवर्डना तुरुंगप्रमुखांचा निर्णय फिरवायची धमकी दिलीत का, हा एकच प्रश्न डझनभर वेळा विचारला. आवाज न चढवता, जवळजवळ त्याच शब्दांत.

दुसरं म्हणजे संबोधन. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. जर्मनमध्ये घरच्यांना 'दू' आणि परक्याला, मोठ्याला 'झी', म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. जर्मनीच्या माजी चॅन्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, मर्केलबाईंना प्रश्न विचारणारा 'झी' म्हणायचा आणि त्याही त्याला 'झी'च म्हणायच्या, मान दोन्हीकडून सारखा. आपल्याकडे 'तुम्ही' असताना त्यावर साहेब, दादा, ताई, भाऊ चढतं आणि एकदा दादा म्हटलं की भावाला उलटं कसं विचारणार!

गेल्या इलेक्शनला एका लोकल चॅनेलवर पाहिलं. "दादा, घोडबंदरच्या पाण्याचं काय?" उत्तर आलं, "योग्य ती उपाययोजना केली जाईल." लगेच "धन्यवाद दादा" आणि माइक पुढे. माझी नणंद कासारवडवलीला राहते, त्यांच्या सोसायटीत टँकरचे पैसे दर महिन्याला भरावे लागतात, मला तो 'केली जाईल' फार लागला. कोण करणार, कधी करणार, त्या वाक्यात माणूसच नाही! जर्मनमध्येही अशी बिनमाणसाची वाक्यं आहेत, पण मुलीने दाखवलेल्या एका मुलाखतीत मुलाखत घेणाऱ्या बाईंनी एका शब्दात विचारलं, "कोण?" आणि गप्प बसून राहिल्या.

छापील मुलाखतीचं तिकडे वेगळंच, छापायच्या आधी नेत्याची मंजुरी घ्यायची पद्धत आहे. २००३ मध्ये ओलाफ शोल्झ, जे पुढे चॅन्सलर झाले, त्यांनी मंजुरी दिली नाही तर बर्लिनच्या 'टात्स' या पेपरने सगळे प्रश्न छापले आणि उत्तरांवर काळी शाई फासली. वाचकाला काय काय विचारलं होतं ते तरी कळलं.

म्हणून विनंती आहे, ठाण्यातल्या नगरसेवकांच्या, आमदारांच्या मुलाखती तुम्ही छापाल तेव्हा नुसतं 'तुम्ही' पुरे, आणि ज्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तो प्रश्न तसाच छापा, खाली जागा रिकामी सोडून.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे