दत्ताला पत्र: नंबर इथला, नेट तिथलं

परभणी,
१७ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाळ्या, तू सांगायलास ते सगळं बरोबर हाय, पण माझ्या डोक्यात राहीना. लिहून पाठव." म्हणून दुपारी गिऱ्हाईक कमी असताना काउंटरवरच लिहायला बसलोय. मधूनच कुणी ग्लास बसवायला येतं, कुणी रिचार्ज मारायला. तेव्हा विषय इकडं तिकडं गेला तर सांभाळून घे.

रिटायर झाल्याबद्दल लेकीनं अन् जावईबापूंनी तुम्हा दोघांना मॉरिशसला पाठवायचं ठरवलं, हे ऐकून तुझ्यापेक्षा मला जास्त आनंद झाला. आता तिथं फोन अन् नेट कसं चालवायचं, हा प्रश्न. जावई म्हणतात ई-सिम घ्या. तुझा धाकटा म्हणतो इथूनच रोमिंगचा पॅक, म्हणजे आपलंच सिम परदेशात चालवायचा रिचार्ज, मारून जा. अन् तुमच्या शाळेतले कुलकर्णी सर म्हणतात, तिथं उतरल्यावर कार्ड घ्या, स्वस्त पडतं. तिघंही बरोबर आहेत. पण तिघांनीही तुझा फोन बघितलेला नाही अन् तुझ्या आईचा, आपल्या काकूंचा, स्वभावही त्यांनी हिशोबात धरलेला नाही.

आधी माझीच फजिती सांगतो. २०१८ साली टार्गेट पूर्ण केल्याबद्दल एका कंपनीनं आम्हा दुकानदारांना बालीला नेलं होतं. तेव्हा माझं पोस्टपेड होतं. विमान उतरलं, सगळ्यांनी फोन चालू केले, मीही केला अन् खिशात टाकून पासपोर्टच्या रांगेत उभा राहिलो. पाऊण तास रांग. मी एक मेसेजसुद्धा उघडला नाही. पण फोन खिशात गप्प बसला नव्हता. मुंबईच्या विमानतळावर काढलेले फोटो अन् व्हिडिओ तो आपला आपण क्लाउडवर चढवत होता, अन् व्हॉट्सॲपच्या चौदा ग्रुपांचे सुप्रभात उतरवून घेत होता. पुढच्या महिन्यात सहा हजार आठशेचं बिल. रिचार्जचं दुकान टाकून बसलेला माणूस! जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणून मिरवणाऱ्या तुझ्या मित्राची अशी गत. घरात आजही बालीचा विषय निघाला की मंगल समुद्राचं नाव काढत नाही, बिलाचंच काढते.

त्याच ट्रिपला मानवतचा एक दुकानदार होता, तो माझ्यापेक्षा हुशार. त्यानं उतरल्याबरोबर तिथलं कार्ड घेतलं, आपलं काढून सुपारीच्या डबीत ठेवलं. नेट झकास चाललं. तिसऱ्या दिवशी पुण्यातल्या पोराचा फोन आला, फी भरायची आज शेवटची तारीख. बँकेचं ॲप उघडलं तर ओटीपी मागायलं. ओटीपी येणार कुठं, तर डबीतल्या सिमवर! मग हॉटेलच्या गादीवर सगळी सुपारी पालथी घालून आम्ही दोघं ते नखाएवढं कार्ड शोधत बसलो.

या दोन फजित्यांतून मी एकच गोष्ट शिकलो अन् दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तीच सांगतो. इथलं सिम फोनमधून काढायचं नाही, त्याचं नेट मात्र बंद ठेवायचं. नेट दुसरीकडून घ्यायचं. आता तर हे जास्तच गरजेचं झालंय, कारण तुझं यूपीआय त्या सिमला बांधलेलं असतं. सिम काढलं की ॲप बऱ्याचदा ओळख दाखवत नाही. अन् मॉरिशसमध्ये यूपीआय चालतं, १२ फेब्रुवारी २०२४ ला तिथं अन् श्रीलंकेत एकाच दिवशी सुरू झालं. प्रत्येक नारळवाल्याकडं चालेल असं नाही, पण जिथं क्यूआर लावलाय तिथं चालेल. त्यासाठी जाण्याआधी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय सुरू करून घ्यावं लागतं. ते इथंच कर, तिकडं जाऊन नाही.

आता ई-सिम. त्यात कार्ड नसतंच. फोनच्या आत एक चिप आधीच बसवलेली असते, कंपनीनं पाठवलेला क्यूआर स्कॅन केला की कनेक्शन नेटवरून तिच्यात उतरतं. तुझा फोन त्या लायकीचा आहे का बघायचं असेल तर *#०६# दाब. आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख नंबर, त्याच्या जोडीला ईआयडी असा लांबलचक नंबर दिसला तर ई-सिम चालतं. तुझ्या रेडमीत तो दिसणार नाही, मी मागच्या दिवाळीला तुझा फोन उघडलाय. पण वहिनींकडं लेकीचा जुना आयफोन ११ आहे, त्यात बिनघोर चालतं. जावयांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या घरचेच फोन, म्हणून ते एवढ्या खात्रीनं बोलायले.

ई-सिम घेताना तीन-चार गोष्टी बघ. पॅक मॉरिशसचा आहे का अख्ख्या आफ्रिकेचा, अन् आफ्रिकेचा असेल तर यादीत मॉरिशसचं नाव आहे का? मुदत क्यूआर स्कॅन केल्यापासून मोजतात का तिथलं नेटवर्क पकडल्यापासून? बऱ्याच जणांचे दोन दिवस इथं घरी सेलूतच संपतात. क्यूआर शक्यतो एकदाच चालतो, तेव्हा घरच्या वायफायवर निवांत बसून स्कॅन करा अन् "हे काय आलंय" म्हणून नंतर डिलीट करू नका. अन् अनलिमिटेड या शब्दाला भुलू नको. ठरावीक जीबीनंतर वेग असा उतरतो की नकाशातला निळा ठिपका बैलगाडीत बसल्यासारखा सरकतो. २०२४ च्या जानेवारीत सरकारनं परवानगी नसलेली परदेशी ई-सिमची दोन ॲप इथं बंद केली होती, म्हणून पैसे भरायच्या आधी विकणाऱ्याकडं भारतातली परवानगी आहे का ते जावईबापूंना तपासायला लाव.

सात दिवसांना किती लागेल? व्हॉट्सॲपवर तासभर तोंड बघून बोललं तर साधारण ३०० एमबी जातात. नुसत्या आवाजाला त्याच्या दहाव्या हिश्शाएवढे. नकाशा तर घरूनच उतरवून घे, बेट केवढंसं, ६५ किलोमीटर लांब अन् ४५ रुंद. आपल्या परभणी जिल्ह्यात तीन मॉरिशस बसतील. रात्री हॉटेलचं वायफाय असतंच. तेव्हा दोघांत मिळून ५ जीबी पुष्कळ झालं. तू रात्री कीर्तनाचे व्हिडिओ लावून झोपतोस, ते मात्र वायफायवरच लाव. अन् लॉबीतल्या उघड्या वायफायवर बँकेचं ॲप उघडू नको, त्यासाठी आपलं नेट वापर.

तिथलं कार्ड घ्यायचंच म्हटलं तर वाईट नाही. विमानतळावरच मिळतं, पासपोर्ट लागतो. मायटी अन् एमटेल या मोठ्या कंपन्या. तिसरी चिली, ती आपल्या एमटीएनएलचीच पोरगी, दिल्ली-मुंबईचे टेलिफोन सांभाळून तिकडंही दुकान टाकलेलं. अन् एमटेलनं तिथं १९८९ ला मोबाईल सुरू केला, बघ. आपल्याकडं पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ चा. आपण टेलिफोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायलो तेव्हा त्या ऊसवाल्या बेटावर लोक मोबाईलवर बोलत होते. पण तुझ्या रेडमीत दुसऱ्या सिमच्या जागेत मेमरी कार्ड बसवलंय, फोटो सगळे त्यात. ते काढशील, कुठंतरी ठेवशील, अन् पुन्हा सुपारीची डबी. नकोच.

आता खरा मुद्दा, जो तिघांपैकी कुणीच काढला नाही. काकू.

प्रवासाच्या अशा ई-सिमवर बहुधा नुसतं नेट मिळतं, साधा कॉल नाही. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर चालतं, पण काकूंचा फोन बटनाचा. धाकट्याच्या फोनवर व्हिडिओ लावून देता येईल, पण मागं तुझी लेक बंगळूरला होती तेव्हा मी बघितलंय, काकू फोन कानाला लावतात अन् तिकडं लेकीला नुसता पदर दिसतो. त्यांना आपल्या हातानं दोन नंबरचं बटन दाबून धरायचं अन् "दत्ता, जेवलास का" विचारायचं, एवढंच माहीत. तू परदेशात आहेस म्हणून त्या काही थांबणार नाहीत. अन् रोमिंगमध्ये आलेला फोन उचलला तरी पैसे तुला लागतात. पॅक नसेल तर मिनिटाला भरपूर लागतात. मग तू उचलताना मनात मीटर चालू ठेवशील अन् दोन शब्दांत गुंडाळशील. ते मला पटत नाही.

म्हणून माझं मत असं. तुझ्या फोनवर तुझ्याच कंपनीचा रोमिंग पॅक मार, ज्यात येणाऱ्या कॉलची मिनिटं आहेत असा. नेट त्यात थोडकंच असेल, चालेल. वहिनींच्या आयफोनमध्ये ई-सिम टाका अन् बाहेर फिरताना त्यांच्या हॉटस्पॉटवर तू चालव. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ दे. पॅक निघण्याआधी दोन दिवस घे, त्यात मॉरिशस आहे ना हे बघ, अन् नेहमीच्या रिचार्जची मुदत मध्येच संपत नाही ना तेही बघ. मूळ रिचार्ज संपलं की बऱ्याचदा वरचा पॅकही झोपतो. ओटीपीचा मेसेज यायला बहुतेक कंपन्या पैसे घेत नाहीत. काकूंना एवढंच सांगून ठेव, की तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास मागं असतं. त्यांचा पहाटे पाचचा फोन तुला साडेतीनला उठवील. दिवेलागणीला सातला लावा म्हणावं, तुमचे साडेपाच वाजलेले असतील, नुकते समुद्रावरून आलेले असाल.

विमानात बसताना एअरप्लेन मोड विसरू नको. विमानातलं अन् मोठ्या जहाजातलं नेटवर्क वेगळंच असतं, तुझ्या पॅकमध्ये ते धरलेलं नसतं. उतरल्यावर आधी सेटिंग बघ मग मोड काढ: फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर, व्हॉट्सॲपचं आपोआप उतरवणं बंद, प्ले स्टोअरचे अपडेट बंद. वहिनींच्या फोनमध्ये डेटा रोमिंग ई-सिमला चालू अन् इथल्या सिमला बंद. इथंच लोक उलटं करतात.

अजून एक. तुम्ही जानेवारीत जायलात, तो तिकडचा उन्हाळा अन् वादळांचाही मोसम. तिथलं हवामान खातं चक्रीवादळाचा इशारा एक ते चार अशा वर्गांत देतं, चौथा म्हणजे दार लावून घरात बसा. घाबरू नको, पण रोज सकाळी एकदा बघत जा. नेटचं खरं काम तेच, बाकी फोटो परत आल्यावर टाकले तरी चालतात. गंगा तलावावर शंकराची १०८ फुटांची मूर्ती आहे, तिच्यापुढं उभं राहून काकूंना फोन लाव. अन् मराठी कानावर पडली तर दचकू नको. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोकणातून मजुरीला गेलेल्यांची पोरंबाळं तिथं आहेत, गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते.

शनिवारी दोन्ही फोन घेऊन दुकानात ये, वहिनींनाही आण. सिमची पिन माझ्याकडं आहे, तू टाचणीनं उकरू नको, मागच्या वेळी भोक वाकवून आणलं होतंस. मंगल धपाटे करणार आहे, जेवूनच जा. अन् तिकडून चॉकलेट-बिकलेट काही आणू नको. काउंटरच्या काचेखाली मी चार देशांच्या सिमची रिकामी पाकिटं लावलीत, चिलीचं एक मिळालं तर बघ.

तुझा,
बाळू