शंखपुष्पीचं सिरप सुरू करण्याआधी

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं अर्धं राहून जातं, म्हणून लिहूनच पाठवते. बाबांच्या फिट्सवरच्या एप्टॉइन गोळीच्या जोडीला शंखपुष्पीचं सिरप घ्यावं का, असं आईने विचारलं आणि मागून बाबा म्हणाले, "झाडपाल्याने काय अपाय होणार!"

बाबा, नेमकं याच जोडीवर १९९२ साली संशोधन छापून आलंय. फेनिटोइन, म्हणजे तुमच्या एप्टॉइनमधलंच औषध, घेणाऱ्या दोन रुग्णांना शंखपुष्पीचं आयुर्वेदिक औषध सुरू झाल्यावर पुन्हा फिट्स येऊ लागल्या आणि रक्तातलं फेनिटोइन उतरलेलं दिसलं. मग उंदरांवर तपासलं. दोन्ही औषधं वारंवार एकत्र दिल्यावर फेनिटोइनची रक्तातली पातळीही घटली आणि फिट थोपवण्याची ताकदही. गंमत म्हणजे त्याच प्रयोगात एकट्या शंखपुष्पीनेही फिट्स काही प्रमाणात रोखल्या होत्या. म्हणजे तिच्यात दम नाही असं मुळीच नाही. दम आहे, म्हणूनच मला धास्ती वाटते.

दोन रुग्ण आणि काही उंदीर हा काही मोठा पुरावा नव्हे, मान्य. पण फेनिटोइनचं रक्तातलं प्रमाण फार नाजूक असतं. कमी पडलं तर फिट, जास्त झालं तर चालताना तोल जातो.

ज्यांनी सिरप सुचवलं त्यांच्या भाच्याला गुण आला, हे मी खोटं म्हणत नाही. पण फिट्स कधी वाढतात, कधी आपसूक कमी होतात. माणूस नवं औषध शोधतो ते त्रास वाढलेला असताना. पुढे तो ओसरला की श्रेय बाटलीला. शिवाय भाच्याच्या नेहमीच्या गोळ्या चालू होत्या का, हे कुणी विचारलंच नाही.

वनस्पतीचं औषध नीट तपासता येतं, बरं का. भांगेच्या झाडातल्या कॅनाबिडिऑलचंच बघा. ड्रॅव्हे सिंड्रोम या दुर्मिळ आजाराच्या १२० मुलांवर आणि तरुणांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल आला. औषध घेणाऱ्यांच्या महिन्याच्या फिट्स साधारण १२.४ वरून ५.९ वर आल्या, नुसतं दिखाऊ औषध घेणाऱ्यांच्या १४.९ वरून १४.१ वर. तेही शुद्ध केलेलं, मोजून दिलेलं औषध. घरी केलेला काढा नव्हे. आई, ब्राह्मीचं म्हणशील तर माणसांवरचे अभ्यास बहुतेक स्मरणशक्तीचे आहेत, फिट्सवरचं काम मुख्यतः उंदरांवरच.

तर बाटली उघडू नका. उघडली असेल तर डॉक्टरांना आजच कळवा, लपवू नका. ते रागावणार नाहीत. रक्तातली फेनिटोइनची पातळी तपासायची का, ते ठरवतील. एप्टॉइन मात्र स्वतःहून कमी करायची नाही, एकदम बंद तर मुळीच नाही. त्याने न थांबणारी फिट येऊ शकते. फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली तर आई, कुणाला विचारत बसू नकोस, थेट हॉस्पिटल.

आणि लेबलचा फोटो पाठव. शंखपुष्पी या एका नावाखाली वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. त्या बाटलीत कुठली आहे ते तरी बघू.

तुमची,
लेक