खुले पत्र: लाखो कोळंब्यांना लस टोचायला कुणाला पाठवताय?

सन्माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री महोदय,

स.न.वि.वि. हंगामाआधी कोळंबीचे बीज (तळ्यात सोडायची पिल्ले) तपासणारी पीसीआर, म्हणजे विषाणूचा माग काढणारी प्रयोगशाळा सुरू होईल, असा शब्द तुम्ही भर सभेत दिला होता. फीत कापली, फोटो निघाले, यंत्र अजून खोक्यातच आहे. बिनतपासणीचे बीज तळ्यात गेले आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने माझी तळी रिकामी केली. आधी कोळंबीने खाद्य सोडले, मग लालसर होऊन ती बांधाच्या कडेला येऊ लागली. 3 ते 10 दिवसांत 100 टक्क्यांपर्यंत मर, असे पुस्तकात आहे. निदान विषाणूने तरी वेळापत्रक पाळले. कर्ज माझ्या नावावर आहे, झोप कुणाच्या नावावर ते विचारू नका.

वर तुमच्या खात्याचे पत्रक आले: लस लवकरच, तोवर प्रतिकारशक्तीचे टॉनिक खाद्यात मिसळा. महोदय, लस ज्यांच्या जोरावर चालते त्या अँटिबॉडी कोळंबीच्या अंगात तयारच होत नाहीत. तिची सगळी भिस्त जन्मजात शिबंदीवर: घुसखोराला गिळणाऱ्या, घेरणाऱ्या रक्तपेशी, मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य बनवून घुसखोराला कोंडणारी फिनॉलऑक्सिडेज या विकराची साखळी, विषाणूच्या आरएनएचे तुकडे करणारी यंत्रणा. हा विषाणू तिथेच फितुरी माजवतो. त्याचे एक प्रथिन मेलॅनिनची साखळी नीट सुरूच होऊ देत नाही. बचावासाठी जागे होणारे कोळंबीचे स्टॅट प्रथिन तो आपलेच जनुक चालू करायला राबवतो. (सरकारी यंत्रणेची आठवण झाली, माफ करा.) टॉनिकातल्या ग्लुकानने रक्तपेशी काही काळ चेततात, पण बीजच विषाणू घेऊन आले तर टॉनिक काय कपाळ करणार? प्रयोगशाळेत दुपदरी आरएनए (त्या तुकडे करणाऱ्या यंत्रणेला जागे करणारा) टोचून कोळंबी वाचवलेली आहे, खरे. माझ्या तळ्यांत लाखो होत्या. सुई धरायला कोण येणार, तुमचे अवर सचिव?

1992 च्या सुमारास हा रोग पूर्व आशियात दिसला. तेव्हापासून शंभर समित्या तरी बसल्या असतील, नसतील तर नव्याण्णव. वादळ आले की पंचनाम्याला गाड्या धावतात. विषाणूने मेलेल्या पिकासाठी टेबलावर अर्जाचा नमुनासुद्धा नसतो. परवाने, शुल्क, तपासनीस यांना मात्र कधी मर लागत नाही.

मागणे एवढेच: यंत्र खोक्यातून काढा, चालवणारा माणूस नेमा, हॅचरीतल्या (बीज तयार करणाऱ्या केंद्रातल्या) मादीपासून तपासणी करा आणि बीज तळ्यात पडण्याआधी अहवाल हातात द्या. नंतरचा अहवाल तुमच्या फायलीला ठेवा.

आपला,
एक कोळंबी उत्पादक