शॉर्ट सर्किट लिहिता, पण खोलीत कापूस होता तेही लिहा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

उन्हाळा लागला की तुमच्या पेपरात आतल्या पानावर ती बातमी येतेच, अमुक गावात घराला आग, संसाराचं सामान जळून खाक, आणि शेवटची ओळ ठरलेली, शॉर्ट सर्किटनं आग लागल्याचा प्राथमिक अंदाज. तलाठ्यानं पंचनामा केला, विषय संपला. आता शॉर्ट सर्किट तर कुठंही होतं, बरेचदा बोर्ड काळा पडतो अन तेवढ्यावरच भागतं, मग आमच्याकडं अख्खं घर काहून बसते? कारण त्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला असतो. बातमीत तो फक्त नुकसानीच्या यादीत येतो, इतके क्विंटल जळाला म्हणून. आग इतकी वाढली कशानं, तिथं त्याचं नाव नसते.

2021-22 च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला दहा हजाराच्या वर गेला होता, तेव्हापासून सगळ्यांनाच वाटते थोडं थांबू. दिवाळीत वेचलेला माल मे महिन्यापर्यंत घरात पडून. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा सरकारी हमीभाव क्विंटलला 8110 होता पण त्यासाठी ॲपवर नोंदणी, मग नंबर लागायचा, ओलावा 12 टक्क्याच्या वर निघाला तर माल वापस, म्हणजे तोवर ठेवायचा कुठं? बाहेर ठेवला तर भिजते, चोरी जाते, ढोरं तोंड घालतात. हौसेनं कोणी ठेवत नाही साहेब, त्या कापसानं रात्रभर अंगाला खाज सुटते, लेकरं खोकलतात.

त्यामुळं कापूस घरात ठेवू नका असं सांगणाऱ्याला मी हात जोडतो. माझं म्हणणं एवढंच की कापूस घरात आहे तोवर ते घर नाही, गोडाऊन आहे असं समजून वागा.

आमच्याकडं काय होते पाहा. गंजी भिंतीला टेकवून रचतात अन त्याच भिंतीवर लाइटचा बोर्ड असतो. थोड्या दिवसात बोर्ड कापसाच्या आड जातो, मग पोरगं हात घालून चाचपत चार्जर लावते अन मोबाईल तिथंच कापसावर ठेवून झोपते, कापूस मऊ आहे ना, पडला तरी फुटत नाही. चार्जर गरम होतो, पिनेचं लूज कनेक्शन चरचर करते, ती एक ठिणगी पुरते. बोर्डाच्या भोवती निदान दोन-तीन हात जागा मोकळी सोडा, नाहीच जमलं तर त्या खोलीचं कनेक्शनच काढून टाका, टॉर्चनं काम भागते. अन फ्यूज उडतो म्हणून त्यात जाडी तार पिळून टाकतात, हे तर घरोघरी. फ्यूज उडणं हेच त्याचं काम आहे ना भाऊ! डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, येणारी न्यूट्रलची तार तुटली तर घरात 230 च्या जागी 400 पर्यंत व्होल्टेज चढू शकते, पंखा घरघरायला लागला, बल्ब एकदम लख्ख झाला की आधी मेन स्विच पाडा.

देवघर त्याच खोलीत असेल तर देव हंगामापुरते दुसरीकडं हलवा, उंदीर पेटती वात ओढून नेतो हे आपल्या म्हाताऱ्या उगाच सांगत नाहीत. मच्छर अगरबत्ती, बिडी, चुलीतले निखारे, सगळं त्या खोलीबाहेर. पऱ्हाट्या-तुराट्यांचा ढीग आणि कुटार पण घराच्या भिंतीला लावू नका.

आता पेटलाच तर. कच्च्या कापसाच्या धाग्यावर मेणाचा पातळ थर असतो, पाणी लवकर आत शिरत नाही, वरूनच निथळून जाते. वरची आग भुर्रकन जाते अन लोकांना वाटते विझली, पण ती आत गंजीत गेलेली असते अन धुमसत राहते, कधी कधी दोन-तीन दिवस, मग रात्री पुन्हा पेट घेते. म्हणून विझल्यासारखा दिसला तरी तो सगळा कापूस घराबाहेर ओढून मोकळ्यात पसरवायचा, भिजवायचा, लक्ष ठेवायचं. त्या खोलीत त्या रात्री कोणी झोपायचं नाही, धुमसत्या कापसाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. अन धूर भरलेला असताना माल वाचवायला तर अजिबात आत शिरू नका, वर्षाची कमाई आत आहे हे समजते, तरी पण.

आणखी एक, करंट चालू असताना पाणी मारू नका, आधी मेन बंद. सिलेंडरचा वास आला तर बटन चालूही नाही अन बंदही नाही, दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर येऊन 1906 ला फोन. हा नंबर गावात किती जणांना माहीत आहे विचारून पाहा. भाजलेल्या जागी टूथपेस्ट लावतात, लावू नका, वीस मिनिटं साधं वाहतं पाणी अन मग दवाखाना.

अग्निशमनची गाडी तालुक्याहून येते, रस्ता कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे. ती येईपर्यंत जे करायचं ते गावालाच करायचं आहे, अन बोअरची मोटर लाइटवर, लाइट तर आगीमुळं आधीच बंद केलेली! म्हणून मार्च ते जून ग्रामपंचायतीनं पाण्याचा एक टँकर भरून डिझेल पंप अन पाइपासकट चौकात उभा ठेवावा. आमच्याकडं सोयाबीन, तूर बाजार समितीत तारण ठेवता येते, म्हणजे माल तिथं ठेवून त्यावर कर्ज मिळते, कापसाची तशी सोय नाही, ती झाली तर अर्धा कापूस घराबाहेर जाईल. 1 मेच्या ग्रामसभेसाठी मी हे दोन्ही विषय लेखी देणार आहे, बाकीच्या गावांतल्या लोकांनीही द्यावे.

आणि तुमच्या वार्ताहरांना एक विनंती, पुढच्या आगीच्या बातमीत बोर्ड कुठं होता अन कापूस त्याच्यापासून किती हातावर होता, एवढं विचारून छापत जा.

तुमचा एक वाचक शेतकरी,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ